नारिंगी नाव

"एवढं घासून नावेचं सोनं होणार आहे का?" नवऱ्याने दारातून विचारलं.

ओला पॉलिश पेपर फायबरवरून फिरवणारा तिचा हात थांबला नाही. "कोरडं घासलं तर बारीक काच उडते. छकुलीच्या छातीत जाईल," ती मास्कमधूनच म्हणाली.

"मग रंगाचा एकच जाड हात मार आणि मोकळी हो."

"जाड हाताचे पोपडे निघतात, अहो. पातळ द्यायचे, मधे वाळू द्यायचं."

"परवा सकाळी नाव पाण्यात पाहिजे. नाहीतर बघ." तो हसला आणि जाळं आवरायला निघून गेला.

छकुली उंबऱ्यावर बाहुली घेऊन बसली होती. तीन वर्षांची पोर, पण बाप घरात असला की हूं नाही की चूं नाही. शेजारणी म्हणायच्या, किती गुणी लेकरू!

नाव राखाडी, तलावाच्या पाण्याच्याच रंगाची. गेल्या थंडीत धुक्यात एका लाँचने अशाच राखाडी नावेला धडक दिली होती. तेव्हापासून तिने नारिंगी रंगाचा ध्यास घेतला होता. नवरा ऐकेना. शेवटी सासूबाईंनीच त्याला झापलं, "बायको तुझ्या जिवाला जपतेय आणि तू कसले नखरे करतोस, मेल्या?"

रंगाच्या दुकानदाराने नीट समजावलं होतं. आधी साबणाने धुवायचं, मग फायबरवरचं मेण काढायचं. पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे राहिले तर मेण शिल्लक आहे. पाणी सपाट पसरलं की झालं. "आणि ताई, घासताना पूर्ण बाह्यांचं घाला. फायबर अंगाला फार खाजतं."

"ते घालतेच मी," ती म्हणाली होती.

तिने पुन्हा तांब्याभर पाणी ओतलं. पसरलं. तरी धाकधूक जाईना. एक पोपडा निघाला की खालचा राखाडी डोकावणार. मग सगळं मुसळ केरात.

प्राइमर वाळला. नारिंगीचा पहिला हात, मग दुसरा. वास घरात येऊ नये म्हणून तिने छकुलीला आतल्या खोलीत ठेवलं. उकाड्याने जीव नकोसा झाला होता.

"आता तरी बाह्या दुमड गं. घासणं संपलं की," शेजारीण कुंपणावरून म्हणाली.

"राहू दे. सवय झालीय."

ती मधूनच स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन नावेकडे बघून यायची.

ठरल्या दिवशी ऊन वर येताच नवऱ्याने नाव पाण्यात ढकलली. काठावरचा एक जण ओरडला, "अरे, हे संत्रं कुठे निघालं?" सगळे हसले.

ती छकुलीला कडेवर घेऊन खिडकीत उभी राहिली. शेजारी सासूबाई.

"दिसतेय?" सासूबाईंनी विचारलं.

"दिसतेय."

नारिंगी ठिपका लहान होत गेला. तलावाच्या मध्यावर पोचला. पलीकडच्या काठाला लागला. थांबला.

सासूबाईंनी तांदळाच्या डब्यामागून भरलेली पिशवी काढून तिच्या खांद्याला अडकवली. तिची वर सरकलेली बाही हलक्या हाताने मनगटापर्यंत ओढली.

"तो वळला तर मला इथून दिसेल. तुम्ही दोघी मागच्या दाराने निघा. आणि पोरी, परत येऊ नकोस."