सध्याचा पत्ता

पेनांच्या ग्लासात एक दात घासायचा ब्रश.

लाल टोकनं दोन. रोज दोनच.

खिडकीच्या गजावर वाळत घातलेला टॉवेल.

रकाना सात : मदत न मिळता परत गेलेल्या व्यक्तीचे नाव व सध्याचा पत्ता. शेरा : निरंक.

टेबलाखाली पत्र्याची ट्रंक. कुलूप नवं कोरं.

“बसायला काही मिळेल का?” तपासणी अधिकाऱ्यांनी विचारलं.

नव्हतं. मोफत कायदा मदत केंद्रात खुर्च्या सहा होत्या आणि सहाही खुर्च्यांवर सकाळपासून माणसं नोटिशी हातात घेऊन बसली होती. मावशींनी ट्रंक पायानं बाहेर सरकवली. धूळ नव्हती, तरी फडकं मारलं.

“जुन्या फायली का?” टेकता टेकता अधिकारी म्हणाले.

“जुनंच आहे सगळं.”

मावशी म्हणजे केंद्राच्या कारकून. एकोणीस वर्षं दारापाशी बसून टोकनं वाटत होत्या. हिरवं टोकन म्हणजे सल्ला. लाल म्हणजे वकीलबाई स्वतः तुमच्या बाजूनं कोर्टात उभ्या राहणार. पूर्वी वकील चार होते. अनुदान आटत गेलं तसे तेही आटले. उरलेल्या एका बाईला दिवसात दोन सुनावण्यांपलीकडे धावणं शक्य नव्हतं, म्हणून लाल टोकनं दोन.

एकोणीस वर्षांत मावशींची रजा एकच. तीही अर्ध्या दिवसाची, गेल्या महिन्यात, एका गुरुवारी. ती भरून काढायची असल्यासारख्या हल्ली त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसलेल्या असत.

“मावशी, इथंच मुक्काम ठोकलाय की काय?” वकीलबाई चिडवायच्या.

“तुमच्यासारखं आरामात यायला मी काय वकील आहे?”

आज कोणी चिडवत नव्हतं.

“अनुदान गरजेप्रमाणे मिळतं,” अधिकारी कागदाकडे बघत म्हणाले. “रकाना सात बघा. अकरा महिने निरंक. म्हणजे इथून रिकाम्या हातानं कोणीच गेलं नाही. मग गरज आहे कुठे? पुढच्या महिन्यापासून केंद्र बंद.”

वकीलबाईंनी कागद हिसकावून घेतला.

“निरंक? मावशी, हे तुम्ही लिहिलंत?”

“मीच.”

“रोज माणसं दारातून परत जातात आणि तुम्ही निरंक लिहिता? शाबासकी हवी होती का कोणाची? स्वतःच्या हातानं गळा कापलात आपला!”

मावशींनी खण ओढला. आतला गठ्ठा इतक्या जोरात टेबलावर आपटला की ग्लास आडवा झाला.

“हा रकाना सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या तीन महिन्यांचे तक्ते. पहिल्याच महिन्यात त्रेसष्ट नावं होती. तुमच्याच कचेरीतून परत आले, साहेब. शिक्का वाचा. मोठ्यानं.”

अधिकाऱ्यांनी हळूच वाचलं. “सध्याचा पत्ता नाही. नोंद अग्राह्य.”

“सध्याचा पत्ता! घर वाचवा म्हणून माणूस इथं येतो. आमची टोकनं संपलेली असतात. त्याचं घर जातं. त्याचा सध्याचा पत्ता काय लिहू? फूटपाथ, डावीकडून तिसरा खांब?”

खुर्चीवरचं कोणीतरी हसलं.

“चौथ्या महिन्यात तुमच्याकडून फोन आला. पत्ता नसेल तर निरंक लिहा, उगीच कागद खराब करू नका. तेव्हापासून लिहितेय.”

“नियम मी केलेला नाही, मावशी.”

“मावशी म्हणू नका. मावशी मी ह्या बसलेल्या माणसांची आहे.”

अधिकाऱ्यांचे कान लाल झाले. ते ट्रंकेवर अवघडून हलले. मग म्हणाले, “एक नाव द्या. एकच. पूर्ण पत्त्यासकट. मला स्वतः जाऊन पडताळता आलं पाहिजे. एका ग्राह्य नोंदीवर मी फेरतपासणी मागू शकतो. तोवर बंदचा आदेश थांबेल. पण आजच हवं, उद्या ही फाईल माझ्या हातात नसेल.”

वकीलबाई सहा खुर्च्यांकडे बघत राहिल्या. सहाही जणांच्या हातात टोकन होतं.

“वा!” त्या कडवट हसल्या. “ज्यांना पत्ता आहे ते परत गेलेले नाहीत. जे परत गेले त्यांना पत्ता नाही. कोणी बसून रचला हो हा तक्ता? चहा पीत रचला असेल ना?”

मावशींनी आडवा ग्लास उभा केला. ब्रश बाजूला सारून पेन काढलं. कोरा तक्ता ओढला आणि रकाना सातमध्ये एक ओळ लिहिली. अक्षर नेहमीसारखंच, रेघेला चिकटून.

अधिकाऱ्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

“हा तर ह्याच केंद्राचा पत्ता आहे. चुकून लिहिलात.”

“चुकून नाही.”

वकीलबाई नाव वाचायला वाकल्या, आणि तशाच राहिल्या.

मावशींनी कमरेची किल्ली सोडली.

“पडताळणी करायची ना? मग जरा उठा, साहेब.”

गेल्या महिन्यातल्या त्या गुरुवारी घर रिकामं करण्याच्या तीन सुनावण्या होत्या. दोन्ही लाल टोकनं मावशींनी दुसऱ्या दोघांना देऊन टाकली होती.