चौघांविना पाठ

परीक्षक वर्गात शिरले तेव्हा पाचवीची चार मुलं ग्रंथालयाच्या खोलीत होती, आणि त्या खोलीचं दार इंद्रायणीने स्वतःच्या हाताने लोटून घेतलं होतं.

बी.टी.च्या, म्हणजे शिक्षकाच्या पदवीच्या, परीक्षेचा हा तिचा शेवटचा पाठ. गेल्या वर्षी ती याच शाळेत, याच पाठाला अडखळली होती. एका मुलाने भलतंच उत्तर दिलं, वर्ग खो खो हसला आणि इंद्रायणी पुढचं सगळं विसरून खडू हातात धरून नुसती उभी राहिली, आणि नापास झाली. घरी, पिंपळे गुरवला, तिच्या वडिलांनी, सोपानरावांनी, यंदा बजावून सांगितलं होतं, पास झालीस तर नोकरी कर, नाही तर शिक्षण पुरे. मुलगी पदवीधर झाली म्हणून गावभर पेढे वाटणारे हेच सोपानराव आता स्थळं पाहायला निघाले होते. ती पास झाली तर चाकणच्या याच शाळेत हेडमास्तर आबाजी तिला ठेवून घेणार होते. म्हणजे सगळं या एका तासावर येऊन अडलं होतं.

अशा पाठांची एक रीत असते. ती शिक्षणशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडत नाही, पण शिकाऊ मास्तरांना बरोबर ठाऊक असते. आदल्या दिवशी वर्गाला पढवायचं की प्रश्न विचारला की हात सगळ्यांनी वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. मास्तर उजव्या हातालाच विचारतो आणि मागे बसलेल्या परीक्षकाला वाटतं, काय हुशार वर्ग आहे!

इंद्रायणीला या लबाडीचा मनस्वी तिटकारा. तिने जरा सोवळी युक्ती काढली. ‘शालेय ग्रंथालय’ हा तिचा खास विषय होता, त्यामुळे पुस्तकांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडेच असे. ज्यांना डावा हात वर करावा लागला असता, ती चौघं तिने आदल्या दिवशी बाजूला बोलावली. पुस्तकांवर फार धूळ बसली आहे, म्हणाली. नीट पुसायला भरवशाची माणसं हवीत, म्हणाली. ते ऐकून त्यांच्यातल्या ताहेराचा चेहरा असा काही फुलला की इंद्रायणीला मान फिरवावी लागली. पण बेत काही तिने बदलला नाही.

पाठ झकास झाला. विषय होता नद्यांचा उगम. प्रश्न विचारायचा अवकाश, की हात वर! नानासाहेब परीक्षक म्हणजे भल्याभल्यांची बोबडी वळवणारा माणूस. तेसुद्धा मागच्या बाकावर मान डोलवत होते. तास संपला तेव्हा इंद्रायणीला वाटलं, जिंकलं.

“चला, तुमचं ग्रंथालय पाहू,” नानासाहेब म्हणाले.

ग्रंथालय दुपारी पाहायचं ठरलं होतं, आणि तोवर मुलं तिथून हलणार होती. पण नानासाहेब केव्हाच चालू लागले होते. त्यांनी दार ढकललं. चौघं जमिनीवर मांडी घालून बसली होती. हातात फडकी, पुढ्यात पुस्तकांचे ढीग.

“तुम्ही पाचवीचेच ना? मग पाठाला का नव्हता?”

खरं सांगून टाकायची एवढी एकच वेळ होती, आणि ती इंद्रायणीने डोळ्यांदेखत जाऊ दिली. उत्तर ताहेराने दिलं.

“आमीच बाईंच्या मागं लागलो, सायब. आमाला पुस्तकांचा लई नाद हाय.”

नानासाहेब चक्क हसले. “तास सोडून मुलं पुस्तकांत बसतात! हे मी पहिल्यांदाच पाहतो आहे, बाई. काळजी करू नका, पास झालात.” आणि दाराशी आलेल्या आबाजींशी बोलत ते बाहेर पडले.

इंद्रायणीला पास झाल्याचा आनंद कुठे शोधूनही सापडेना. एवढी शिकलेली बाई, आणि एका पोरीच्या खोट्याआड जाऊन लपली! तिला स्वतःची किळस आली.

“खोटं का बोललीस गं, ताहेरा?”

ताहेराने हातातलं पुस्तक खाली ठेवलं. “बाई, आमी चौघं आज साळंत येनारच नव्हतो. आमच्यापायी तुमी परत नापास व्हाल, म्हून घरीच ऱ्हायचं ठरलं व्हतं. पन तुमी आपनहून बोलावलंत. मग कसं न्हाई म्हनायचं?”

“समदी पुसली, बाई,” शेजारचा सोनबा म्हणाला. “आता जाऊ का घरी?”

इंद्रायणीने डोळे पुसले.

“घरी नाही. वर्गात जा. पुढच्या बाकावर बसा,” ती कशीबशी म्हणाली, आणि पदर खोचून फाटकाकडे पळत सुटली. नानासाहेब टांग्यात बसून निघायच्या बेतात होते. तिने धापा टाकत घोड्याचा लगाम धरला.

“साहेब, खाली उतरा. माझा पाठ अजून व्हायचाय.”