मावशीच्या हातची भाकरी

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर पडलेलं अश्रुधुराचं धुमसतं नळकांडं कौसल्यामावशीनं उघड्या हातानं उचललं आणि पोलिसांवरच भिरकावलं. लालबागच्या चाळीत ती गिरणीकामगारांची खानावळ चालवायची. तिच्याकडे जेवणाऱ्या पोरांनी तिला डोक्यावर घेतलं. "मावशी, आज भाकरी तुझ्याच हातची पाहिजे!" संध्याकाळी पंगतीला बसताच पोरं ओरडली. हसतच मावशीनं परातीत पीठ घेतलं आणि ती थबकली. तळहातावर लिंबाएवढे फोड टरारून आले होते, पण दुखत काहीच नव्हतं. मनगटावरच्या फिकट डागाला ती वर्षभर साधं त्वचेवरचं शिबं समजत होती. तिचा बापही चुलीतला निखारा बोटांनी उचलून विडी पेटवायचा. गावाला केवढं कौतुक! महारोगानं बोटं झडू लागली, तेव्हा त्याच गावानं त्याला वेशीबाहेर काढलं. "आई, हात भाजला का?" सुनेनं विचारलं. परात तिच्याकडे सरकवत मावशी म्हणाली, "होय गं, फार आग होतेय."