घरी जा रे, फेलिसियो

फाटक उघडंच होतं, तरी इनासचा पाय आत पडेना. हातात क्लबच्या सुवर्णमहोत्सवाचं आमंत्रण होतं. दक्षिण गोव्यातल्या साष्टीतून पार उत्तरेला बारदेशात, हळदोण्याला फेलिसियोच्या घरापर्यंत आला, तो आता फाटकाशी अडला.

दोष त्या गाण्याचा होता. इनास तियात्रांत, म्हणजे कोंकणी नाटकांत, गाणी लिहायचा, पण त्याचं नाव झालं ते फुटबॉलच्या मैदानावर. फेलिसियो बार्रेटो क्लबचा प्रशिक्षक होता तेव्हाची गोष्ट. सामन्यामागून सामना हरत होते. जुन्या खेळाडूंना बसवून हा माणूस मिसरूड न फुटलेली पोरं उतरवायचा. लोक पिसाळले. तेव्हा इनासनं एका दुपारी माडाखाली बसून चार ओळी जुळवल्या आणि बँडवाल्यांनी प्रेक्षकांत बसून त्या वाजवायला घेतल्या:

घरी जा रे फेलिसियो, घरी जा,
लुर्दीन मांडून बसली ताट,
हुमण निवतं, बघते वाट,
घरी जा रे, घरी जा.

लुर्दीन म्हणजे फेलिसियोची बायको, आणि हुमण म्हणजे तिच्या हातचं माशाचं कालवण. सुरुवातीला ती दर सामन्याला डबा घेऊन यायची, म्हणून सगळ्यांना नावानं ठाऊक. नंतर नंतर यायची बंद झाली. लाजली असेल, म्हणून लोक आणखी हसले. गाणं असं चाललं की लग्नांत वाजायला लागलं. शेवटच्या सामन्यात बरोबरी केली असती तरी क्लब तरला असता, पण हरला आणि खालच्या विभागात गेला. फेलिसियोला त्याच संध्याकाळी काढलं. पुढे आठवडाभर साष्टीत असं सुतक होतं की बारदेशात कोण मेलं, कोण जगलं, याची कुणाला शुद्ध नव्हती.

मग काय झालं? तीच मिसरूड न फुटलेली पोरं मोठी झाली आणि त्यांनी क्लबला चषक आणून दिला. एकदा नाही, लागोपाठ. तेव्हापासून तावेर्नात दारू प्यायला बसलं की कुणीतरी विषय काढायचाच. माणूस चांगला होता रे. आपणच घाई केली. आणि सगळे इनासकडे बघायचे, जणू मैदानभर तो एकटाच गात होता. महोत्सवाला फेलिसियोला बोलवायचं ठरलं, तेव्हा क्लबचा सेक्रेटरी मिंगेल यानं सरळ सांगितलं, गाणं तुझं, तूच जा. इनासनं खूप आढेवेढे घेतले. पण आपण हे ओझं घेऊन मरणार की काय, ही भीती त्याला गेली कित्येक वर्षं खात होती. म्हणून निघाला.

"कोण ते? आत ये, बाबा. उन्हात काय उभा राहिलास?"

बलकांवात, दारापुढच्या ओट्यावर, फेलिसियो बसला होता. पार वाळला होता, पण डोळे तेच. त्यानं ओळखलं नाही, निदान तसं दाखवलं तरी नाही. स्वतः आत जाऊन पाणी आणलं, काजू आणले. आमंत्रण वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. मग संघातल्या त्या पोरांची चौकशी करायला लागला. सगळ्यांची, एकेकाचं नाव घेऊन. कुणाचा गुडघा कसा आहे, कुणाचं लग्न झालं का. इनास जेवढ्यास तेवढं बोलत होता. आतल्या देव्हाऱ्यात क्रूसाखाली लुर्दीनचा फोटो होता, पुढे दिवा. गेली म्हणायची, त्याच्या मनात आलं, आणि त्याला आणखीच अपराधी वाटलं. एका मेलेल्या बाईचं नाव त्यानं लग्नालग्नांत नाचवलं होतं.

शेवटी त्याला राहवेना.

"फेलिसियोबाब, ते गाणं मी लिहिलं होतं. माफ करा मला. तुम्ही महोत्सवाला नाही आलात तरी चालेल, पण माफ करा."

"ठाऊक आहे मला, इनास तू," फेलिसियो म्हणाला. "लुर्दीनला आवडायचं ते. रांधताना गुणगुणायची, मला चिडवायची."

इनासच्या जिवात जीव आला. डोळे पुसत त्यानं विचारलं, लुर्दीनबाय कधी गेली.

"आपण खालच्या विभागात गेलो ना, त्या दिवशी."

'आपण' म्हणाला तो, अजूनही.

फेलिसियो सावकाश सांगत राहिला. तिला महिनाभर बरं नव्हतंच, म्हणून तर ती मैदानावर येत नव्हती. त्या सकाळी छातीत भरून आल्यासारखं वाटतंय म्हणाली. आज नको जाऊ म्हणाली. एवढा सामना होऊ दे, मग मी घरीच आहे, असं सांगून तो निघाला. दुसरा गोल खाल्ला तेव्हाच सामना हातचा गेला होता. बाकावर बसून करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याच वेळी बँडनं ते गाणं सुरू केलं. तो घरी पोचला तेव्हा टेबलावर दोन ताटं मांडलेली होती. हुमण निवलं होतं. ती खुर्चीतच होती, दाराकडे तोंड करून.

इनासनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याला वाटलं, आता हा म्हाताराच आपल्याला हाकलून देईल, आणि दिलेलंच बरं. पण फेलिसियोनं काजूची बशी त्याच्याकडे सरकवली.

"माफी तू कसली मागतोस, बाबा? अख्खं मैदान मला घरी जा म्हणून सांगत होतं. मीच उठलो नाही."