वीतभर दोरा

पोळ्याच्या सकाळी बैल धुऊन श्रीमंत घरी आला, तेव्हा गुणाबाई रिवाजाप्रमाणे त्याच्या कमरेला नवा करदोडा बांधू लागली. बिडी सोडल्यापासून नवऱ्याचा हात सारखा शेंगदाण्यांच्या डब्यात असायचा. पोट इतकं सुटलं, की गेल्या पोळ्याला गाठ मारायला दोरा जेमतेम पुरला. आज तेवढाच करदोडा वीतभर उरला. “बघ, डबा न सोडता पोट उतरलं! उगंच बोलायलीस सालभर,” तो हसला आणि खोकू लागला. गाठ मारताना तिच्या बोटांना कमरेची हाडं लागली. तिचा बापही असाच खातपीत वाळत वाळत गेला होता. “उद्या लातूरला मोठ्या डॉक्टरला दाखवू.” “कशाला? आता तर हलकं वाटायलंय. अन् हा लोंबता दोरा काप की.” तिनं कात्री उचलली, पण तशीच खाली ठेवली. “राहू द्या,” ती म्हणाली, “पुन्हा पोट सुटंल तुमचं.”