मागची डावी बाजू

थोरला भाऊ गेला, तेव्हापासून गाडीची मागची डावी बाजू दोन बोटं बसलेली असायची. जिवंतपणी सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीत तो तिथेच बसायचा. "मागे वजन असलं की टायर घसरत नाहीत," म्हणायचा. "काही झालं तरी मी तुझ्या पाठीशी आहे."

यंदा धाकट्याने मेहुण्याकडून मागचं सगळं बदलून घेतलं: जाड ॲक्सल, कडक स्प्रिंगा, नवे शॉकअप. जॅक उतरला आणि गाडी पुन्हा डावीकडे बसली.

मेहुण्याने स्प्रिंगांची अदलाबदल करून पाहिली. तरी डावीच बसली. "दाजी, आता हात टेकले मी," तो वैतागून म्हणाला. धाकटा मात्र गालातल्या गालात हसला. दादाने शब्द पाळला होता.

नट आवळला की मेहुणा त्यावर पिवळी रेघ ओढायचा. रेघ असलेल्या नटाला दुसऱ्याने पाना लावायचा नाही, हा त्यांच्या गॅरेजचा कायदाच होता. धाकट्यानेही लावला नाही.

शर्यतीच्या रेषेवर मेहुण्याने टपावर थाप मारली. "बिनधास्त पळवा, दाजी." बोलताना तो दुसरीकडेच पाहत होता.

पिवळा दिवा लागला. धाकट्याने इंजिन तापवत ठेवलं. तेवढ्यात, मागून कुणी उतरावं तशी गाडीची डावी बाजू हलकेच वर आली.

"दादा?"

आरशात मागची सीट रिकामी होती. ती तर नेहमीच रिकामी दिसायची. पण तिच्यापलीकडे, कठड्याशी उभा असलेला मेहुणा एक पाऊल सरकला आणि शेजारी कुणाला तरी जागा करून दिली.

हिरवा दिवा लागला. पिवळ्या रेघेचे ते नट धाकट्याला आठवले, तोवर सवयीने क्लचवरचा पाय सुटला होता.