चिंचेखालची फरशी

“सोजरे, पायात काय हाय?”

“वहाणा.”

“त्या हातात काहून नाहीत?”

“हाताले ठेच लागत नाही, कारभारी.”

ओट्यावर बसलेल्यांपैकी कुणाला तरी हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. कारभारी उकंडराव मात्र ताडकन उठला. जानराव पाटलांच्या ओट्यासमोरून मजुराघरचं माणूस वहाणा घालून गेलेलं त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

गावातून रिसोडच्या बाजाराला जायची वाट ती एकच. एका अंगाला पाटलांचा ओटा, दुसऱ्या अंगाला नाला, मधे जिल्हा कौन्सिलाने सरकारी पैशातून घातलेली फरशी. फरशी सगळ्यांसाठी होती. पण ओट्याजवळच्या चिंचेने मुळं पसरली, दगड उचलले, फोडले, आणि त्यांच्या कडा विळ्यासारख्या वर आल्या. गावाची रीत अशी की, ओटा आला की मजुरांनी वहाणा काढून हातात घ्यायच्या आणि ओटा सरला की पुन्हा घालायच्या. म्हणजे जिथे वहाणांची खरी गरज, नेमके तिथेच पाय उघडे. दिवाळीच्या तोंडावर सोजरबाईचा नवरा जगदेव डोक्यावर ज्वारीचं पोतं घेऊन तिथेच ठेचाळला. अंगठा फाटला, चिघळला, आणि वाशीमच्या दवाखान्यात पाऊल कापावं लागलं. त्याच्याच वहाणा आज तिच्या पायात होत्या. मोठ्या होत होत्या म्हणून तिने वहाणांच्या अंगठ्यांत चिंधी कोंबली होती.

“पाटील, इचं काम बंद करा उद्यापासून,” उकंडराव म्हणाला.

पाटलांच्या रानातल्या सोजरबाईच्या मजुरीवरच आता घराची चूल पेटत होती. पण जानराव पाटील आरडाओरड करणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी पानाला चुना लावला, फरशीकडे पाहिलं आणि म्हणाले, “बाईचं खोटं नाही. मुळं तोडून टाका. तोवर घालू द्या तिले.”

गाव थक्क झालं. दुसऱ्याच दिवशी गडी कुदळी-कुऱ्हाडी घेऊन भिडले. मांडीएवढी मुळं खणून बाहेर काढली. नव्या फरशा बसल्या, सांधे चुन्याने भरले. पाटील स्वतः त्यावरून अनवाणी चालून आले. “आता इथं लेकरू रांगलं तरी गुडघा खरचटनार नाही,” ते म्हणाले. लोक म्हणाले, मन असावं तर असं.

पाटलांनी सोजरबाईचं म्हणणं मान्य केलं होतं, आणि त्यामुळेच वहाणा घालायला तिच्याजवळ कारण उरलं नव्हतं. शेतात निंदताना सोबतची मजूर गोमतीबाई म्हणाली, “जिंकली ना तू? मंग आता काढत जाय बाई. कायले वाघाच्या तोंडात हात घालून राह्यली?” बाकीच्या बायांनी माना हलवल्या. कुणी तिचं वाईट चिंतत नव्हतं. तेच तर अवघड होतं.

बाजाराच्या दिवशी तिने वहाणा घेतल्या, खाली ठेवल्या, परत घेतल्या. बाजेवरून जगदेव पाहत होता.

“मुळं तं गेली,” तो म्हणाला. “आता त्याईले काय सांगशील?”

सवयीने तिने वहाणा पायात सरकवल्या आणि वांग्यांची टोपली डोक्यावर घेतली.

ओटा त्या दिवशी गच्च भरला होता. चिंचेपाशी येताच सोजरबाई थांबली. तिने टोपली उतरवली आणि ती वाकली. उकंडरावाने समाधानाने मिशीवरून हात फिरवला. पण तिने सैल झालेली चिंधी वहाणेच्या अंगठ्यात नीट कोंबली, टोपली उचलली आणि पुन्हा ताठ उभी राहिली.

पाटलांच्या हातातलं पान हातातच राहिलं.

“सोजरबाई,” ते हळूच म्हणाले. त्यांचा असा आवाज गावाने पूर्वी ऐकला नव्हता. “एवढ्या वाटेत एक मूळ दाखव मले. एक. तुह्या शब्दासाठी बापजाद्याच्या झाडाले कुऱ्हाड लावली मी. आता या वहाणा कायले? अशीच गेली तं उद्या माह्या रानात पाय ठेवू नको.”

तिने वर चिंचेकडे पाहिलं, मग पाटलांकडे. पहिलं पाऊल तिने नव्या फरशीवर टाकलं. वहाणेचा आवाज ओट्यापर्यंत गेला.

“मालक,” ती म्हणाली, “वहाणा काढा म्हनून आमाले चिंचेनं कधी सांगतलं नोतं.”